फौजदारी आरोप आणि आरोपीचा वकील

गेल्या पावसाळ्यांत नववीच्या वर्गांत नागरिकशास्त्राचा तास चालू असतां मागल्या बांकावरील एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, “गुरुजी, ज्यानें चोरी केली त्यालाच सरकारनें आपल्या पैशानें वकील कां द्यावा? द्यायचाच असेल तर त्याला पकडावें तरी कशाला?” सगळा वर्ग हंसला आणि आम्हांसही हंसूं आवरलें नाहीं. इतक्यांत घंटा झाली व उत्तर अर्धेंमुर्धेंच राहिलें. घरीं गेल्यावर विचार करूं लागलों तेव्हां ध्यानांत आलें कीं, हा प्रश्न पोरकट नाहीं. पुष्कळ शहाण्यासुरत्या माणसांच्या मनांत तो असतो. फक्त तीं माणसें भिडेस्तव विचारीत नाहींत. म्हणून त्याचें उत्तर या अंकांत सविस्तर देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रश्नांतील पहिलेच शब्द आधीं तपासून पाहूं. “ज्यानें चोरी केली” असें आपण सहज म्हणतों. पण त्यानें ती केली हें ठरविलें कोणी? पोलिसांनीं पकडलें म्हणजे मनुष्य चोर ठरला असें नव्हे. पकडलेला मनुष्य हा आरोपी. गुन्हेगार तो ठरतो न्यायासनापुढें पुरावा होऊन निकाल लागल्यावर. या दोन शब्दांमध्यें जें अंतर आहे त्यांतच वकिलाचें सारें काम चालतें. तें अंतर केवढें असूं शकतें हें दाखविण्यासाठीं अमेरिकेंतील एक खटला आम्हीं निवडला आहे. कारण त्या खटल्यांत एकाच माणसावर एकाच आरोपाखालीं दोनदां काम चाललें. एकदां वकिलावांचून आणि एकदां वकिलासह.

तत्पूर्वीं एक खुलासा. अमेरिकेंतील कायद्यानें गुन्ह्यांचे सामान्यतः दोन वर्ग केले आहेत. हलक्या गुन्ह्यांस ‘मिसडिमीनर’ म्हणतात, व ज्यांस एक वर्षाहून अधिक कैद होऊं शकते अशा भारी गुन्ह्यांस ‘फेलनी’ म्हणतात. खून व दरोडा हे फेलनींत मोडतात हें उघडच आहे. परंतु रात्रीं दार फोडून दुकानांत शिरणें हीही फेलनीच, मग आंतून नेलेला माल चार आण्यांचा कां असेना. फेलनीचा शिक्का एकदां बसला म्हणजे शिक्षा भोगून सुटल्यावरही तो सहजासहजीं पुसला जात नाहीं. कित्येक राज्यांत मत देण्याचा हक्क कांहीं काळ किंवा कायमचा जातो, बंदूक बाळगतां येत नाहीं, ज्यूरीवर बसतां येत नाहीं, आणि नोकरीच्या अर्जावर तो प्रश्न पुन्हां पुन्हां समोर येऊन उभा राहतो.

क्लॅरेन्स अर्ल गिडियन हा मनुष्य १९१० सालीं मिसूरी राज्यांत हॅनिबल या गांवीं जन्मला. (पवित्र शास्त्रांतील गिदोन तो हाच शब्द, हें आमच्या वाचकांनीं ओळखलेंच असेल.) लहानपणींच त्याचा बाप वारला, आठवीपर्यंत शाळा झाली न झाली तोंच तो घरांतून पळाला. पुढें चोरीच्या गुन्ह्यांबद्दल अनेकदां तुरुंगांत जाऊन आला. तो साधुपुरुष नव्हता व तसें भासविण्याचा आमचा हेतु नाहीं. १९६१ सालीं तो फ्लॉरिडा राज्यांत पनामा सिटी या गांवाजवळील बे हार्बर नांवाच्या वस्तींत एका साध्या हॉटेलांत राहात होता. समोरच बिलियर्डच्या जातीचा ‘पूल’ हा खेळ खेळण्याचा एक अड्डा होता व तेथें त्याची नेहमींची ये-जा असे.

३ जून १९६१ रोजीं सकाळ होण्यापूर्वीं कोणीतरी त्या अड्ड्याचें दार फोडलें, आंतील सिगारेटचें यंत्र व गाणीं वाजविण्याचें यंत्र फोडून नाणीं लांबविलीं. बावीस वर्षांच्या एका तरुणानें सांगितलें कीं, पहांटे साडेपांचाच्या सुमारास आपण गिडियनला खिडकींतून आंत पाहिलें. तो हातांत दारूची बाटली घेऊन बाहेर पडला, त्याचे खिसे फुगलेले होते, आणि टेलिफोन करून टॅक्सी बोलावून तो निघून गेला. पोलिसांनीं त्याच दिवशीं गिडियनला पकडलें तेव्हां त्याच्या खिशांत पंचवीस डॉलरच्या वर मोड निघाली. एक साक्षीदार, खिसाभर नाणीं आणि पूर्वींचा तुरुंगवास! वाचकहो, तुम्ही ज्यूरींत असतां तर तुमचा ग्रह काय झाला असता? आमचा काय झाला असता हें आम्ही मनांतल्या मनांत जाणतों.

४ ऑगस्ट १९६१ रोजीं काम उभें राहिलें. न्यायाधीशांनीं विचारलें, तयारी आहे काय? गिडियन म्हणाला, नाहीं, कारण मला वकील नाहीं. कोर्टानें तो नेमून द्यावा. न्यायाधीशांनीं सभ्यपणें उत्तर दिलें कीं, फ्लॉरिडाच्या कायद्याप्रमाणें देहांत शिक्षेच्या गुन्ह्यांतच कोर्टास आरोपीसाठीं वकील नेमतां येतो. त्यावर गिडियन म्हणाला कीं, मला वकील मिळण्याचा हक्क आहे असें संयुक्त संस्थानांचें सर्वोच्च न्यायालय म्हणतें. मौज अशी कीं, त्या दिवशीं कायदा न्यायाधीशांच्या बाजूचा होता, गिडियनच्या नव्हे. अलाबामा राज्यांत नऊ निग्रो तरुणांवर घाईघाईनें काम चालवून आठांस फांशीची शिक्षा सांगण्यांत आली होती. त्या प्रकरणांत १९३२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें वकिलाचा हक्क मान्य केला खरा, परंतु तो देहांत शिक्षेच्या खटल्यांपुरता. इतर गुन्ह्यांत राज्यांवर तशी सक्ति नाहीं, विशेष अडचणीची परिस्थिति असेल तेवढ्यापुरताच अपवाद, असें त्याच न्यायालयानें १९४२ सालीं बहुमतानें ठरविलें होतें.

तेव्हां गिडियन स्वतःच स्वतःचा वकील झाला. त्यानें ज्यूरीपुढें भाषण केलें, साक्षीदारांस प्रश्न विचारले, आपले साक्षीदार बोलाविले. त्याच्या बुद्धीच्या मानानें त्यानें हें काम वाईट केलें नाहीं. पण एका ठिकाणीं काय झालें तें पाहा. मुख्य साक्षीदारास त्यानें विचारलें कीं, माझ्या हातांत दारूची बाटली होती हें तुला खात्रीनें ठाऊक आहे काय? साक्षीदार म्हणाला, होय, तुझ्या हातांतच तर मीं ती पाहिली. झालें! जी गोष्ट सरकारी वकिलानें एकदां वदवून घेतली होती ती आरोपीनें स्वतःच्या तोंडानें पुन्हां वदवून ज्यूरीच्या मनावर पक्की ठसविली. उत्तर काय येईल हें ठाऊक असल्यावांचून उलटतपासणींत प्रश्न टाकूं नये हा वकिलांचा जुना नियम आहे. परंतु ज्याची शाळा आठवींत संपली त्याला तो सांगणार कोण? सहा जणांच्या ज्यूरीनें त्यास दोषी ठरविलें आणि २५ ऑगस्ट रोजीं त्यास पांच वर्षांची कैद सांगण्यांत आली. त्या गुन्ह्यास कायद्यांत याहून अधिक शिक्षाच नव्हती.

रेफर्ड येथील तुरुंगांत गिडियननें कायद्याचीं पुस्तकें वाचलीं. फ्लॉरिडाच्या वरिष्ठ न्यायालयानें अर्ज फेटाळल्यावर त्यानें तुरुंगांतील रेघी कागदावर पेन्सिलीनें अर्ज लिहून थेट वॉशिंग्टनला धाडला. तो अर्ज ८ जानेवारी १९६२ रोजीं सर्वोच्च न्यायालयांत पोंचला. शुद्धलेखन सदोष, वाक्यें ओबडधोबड; पण मुद्दा एकच आणि तो स्पष्ट कीं, मला वकील नव्हता म्हणून माझ्यावर चाललेलें काम न्याय्य नव्हतें. न्यायालयानें अर्ज दाखल करून घेतला आणि गिडियनच्या वतीनें बोलण्यास एब फोर्टस या नामांकित वकिलास नेमलें. आमच्या विद्यार्थ्यांनीं शुद्धलेखनाकडे दुर्लक्ष करावें असा मात्र याचा अर्थ त्यांनीं काढूं नये.

१५ जानेवारी १९६३ रोजीं युक्तिवाद झाला. फोर्टस यांनीं त्यांत क्लॅरेन्स डॅरो यांचें उदाहरण दिलें. डॅरो हे अमेरिकेंतील फौजदारी वकिलांचे मुकुटमणि समजले जात. ज्यूरीस लांच देण्याचा प्रयत्न केल्याचा आरोप १९१२ सालीं त्यांच्यावरच आला तेव्हां त्यांनीं काय केलें? आधीं दुसरा वकील गांठला. इतक्या मोठ्या कायदेपंडितालाही जें एकट्यानें निभवेना तें खेड्यांतील निर्धन मनुष्यास कसें निभवावें? फ्लॉरिडा राज्यानें इतर राज्यांकडे पाठिंबा मागितला होता; तो दोनच राज्यांनीं दिला, आणि उलट बावीस राज्यांनीं गिडियनच्या बाजूनें निवेदन केलें. १८ मार्च १९६३ रोजीं नऊही न्यायमूर्तींनीं एकमतानें ठरविलें कीं, फेलनीचा आरोप असलेल्या निर्धन मनुष्यास वकील पुरविणें हें प्रत्येक राज्याचें कर्तव्य आहे. निकालपत्र न्यायमूर्ति ह्यूगो ब्लॅक यांनीं लिहिलें. १९४२ च्या निकालांत याच ब्लॅकसाहेबांनीं बहुमताविरुद्ध आपलें मत नोंदविलें होतें. एकवीस वर्षें थांबून तें त्यांनीं न्यायालयाचें मत म्हणून लिहिलें! त्यांचा एक मुद्दा मुलांनाही समजण्याजोगा आहे. सरकार खटले चालविण्यासाठीं वकिलांवर पाण्यासारखा पैसा खर्च करतें, आणि ज्याच्यापाशीं पैसा आहे असा आरोपीही उत्तमांतला उत्तम वकील लावतो. यावरूनच सिद्ध होतें कीं फौजदारी कोर्टांत वकील ही चैन नसून गरज आहे.

या निकालानें गिडियन सुटला, असें कित्येकांस वाटतें, तसें नाहीं. निकालाचा अर्थ एवढाच कीं, पहिलें काम रद्द झालें व तें पुन्हां चालवावयाचें. ५ ऑगस्ट १९६३ रोजीं तें चाललें. कोर्ट तेंच, न्यायाधीश तेच, मुख्य साक्षीदार तोच. आरोपीशेजारीं मात्र आतां फ्रेड टर्नर नांवाचे गांवचेच एक वकील बसले होते. त्यांनीं आधीं गांवांत हिंडून चौकशी केली होती. त्यांनीं मुख्य साक्षीदारास विचारण्यास आरंभ केला. रात्रभर मित्रांबरोबर बाहेर राहून पहांटे परतल्यावर तूं घरीं न जातां त्या अड्ड्यापाशीं कां थांबलास? तुझे सोबती कोण होते? एकेका प्रश्नानें ज्यूरीच्या मनांत ही शंका उभी राहिली कीं, हा तरुण आंत शिरणाऱ्या दुसऱ्याच कोणासाठीं पाळत ठेवून उभा नसेल कशावरून?

मग टॅक्सीवाल्याची साक्ष झाली. गिडियनला त्या पहांटे त्यानेंच गाडींत घेतलें होतें. टर्नर यांच्या प्रश्नावर त्यानें सांगितलें कीं, गाडींत बसतांना गिडियनच्या हातांत दारूची बाटली नव्हती, कसलीच बाटली नव्हती. सरकार पक्षानें त्याच्याकडून एक गोष्ट वदविली होती कीं, “मला नेलेंस हें कोणाला सांगूं नको” असें गिडियन त्यास म्हणाला होता. ऐकणारास वाटावें, आतां संपलेंच. चोरावांचून असें कोण म्हणेल? टर्नर यांनीं शांतपणें विचारलें, यापूर्वीं कधीं तो तुला असें म्हणाला होता काय? टॅक्सीवाला म्हणाला, हो, प्रत्येक वेळीं म्हणतो. कां बरें? तर त्याचें बायकोशीं पटत नव्हतें म्हणून. एका प्रश्नानें डोंगराएवढा दिसणारा पुरावा मातीच्या ढेकळासारखा विरघळला. ज्यूरीनें सुमारें एक तास विचार करून गिडियन निर्दोष असल्याचा निर्णय दिला. तोंवर तो दोन वर्षें तुरुंगांत काढून बसला होता.

दोन कामांमध्यें बदललें काय? आरोप तोच होता, आरोपी तोच होता आणि घडलेली गोष्टही तीच होती. खरा चोर कोण हें या खटल्यानें ठरविलें नाहीं आणि ठरविण्याचें तें कामही नव्हतें. सरकारनें आपला आरोप संशयापलीकडे शाबीत केला कीं नाहीं, एवढेंच ज्यूरीस पाहावयाचें होतें. पहिल्या खेपेस तें पाहण्याची संधिच तिला मिळाली नव्हती. या निकालानंतर फ्लॉरिडानें त्याच वर्षीं सरकारी खर्चानें बचावाचे वकील नेमण्याचा कायदा केला, आणि वकिलावांचून शिक्षा झालेले तेथील शेंकडों कैदी सुटले किंवा त्यांच्यावर पुन्हां काम चाललें.

आतां वकिलाचें काम म्हणजे कोर्टांतील ही चढाओढच, अशी नाटकें-चित्रपट पाहून मुलांची समजूत होते. वस्तुस्थिति निराळी आहे. अमेरिकेंत ज्यांस फेलनीबद्दल शिक्षा होते त्यांपैकीं दहांत नऊंहून अधिक जणांचें काम ज्यूरीपुढें जातच नाहीं. आरोपी व सरकार पक्ष यांच्यांत तडजोड होऊन आरोपी गुन्हा कबूल करतो. तेव्हां खरें काम आधींच होऊन गेलेलें असतें. अटक झाल्याबरोबर वकील पहिली गोष्ट सांगतो ती ही कीं, गप्प राहा. कारण तेथें पोलिसांपुढें दिलेला जबाब आरोपीविरुद्ध वापरतां येतो, व गप्प राहण्याचा आणि वकील मागण्याचा हक्क आहे असें आरोपीस सांगितल्याखेरीज अटकेंतील जबाब घेतां येत नाहीं, हें १९६६ सालीं ठरलें आहे. नंतर जामिनाची खटपट. बाहेर असलेला मनुष्य आपले साक्षीदार शोधूं शकतो, आंत असलेला शोधूं शकत नाहीं. झडती कायदेशीर होती काय, हेंही वकील पाहतो. आरोपीच्या हिताचा जो पुरावा सरकारच्या हातीं असेल तो सरकारनें लपवितां कामा नये असा निर्णय १९६३ सालींच झाला. परंतु तो मागावा कसा हें वकिलासच कळतें. आणि तडजोडीची बोली आली तर ती आरोपीच्या कानांवर घातलीच पाहिजे, स्वीकारल्यास पुढें काय काय गमवावें लागेल हें समजावून दिलेंच पाहिजे. बोली कळविण्याचें हें कर्तव्य २०१२ सालच्या एका निकालानें वकिलावर बंधनकारक ठरविलें आहे.

येथें आमच्या कांहीं पालकांस उपयोगी अशी गोष्ट सांगून ठेवतों. या शाळेंत शिकून गेलेले कित्येक विद्यार्थी आज शिक्षणासाठीं वा नोकरीनिमित्त अमेरिकेंत आहेत. परदेशचा नागरिक गुन्हा कबूल करून लहानशी शिक्षा पत्करतो व प्रकरण मिटलें असें समजतो. परंतु त्या कबुलीमुळेंच त्याची त्या देशांतून हकालपट्टी होऊं शकते. हा धोका आरोपीस आधीं सांगणें हें वकिलाचें कर्तव्य आहे असें तेथील सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं ठरविलें. शिवाय आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणें अटक झालेल्या परकीयास आपल्या देशाच्या वकिलातीस खबर द्या असें सांगण्याचा हक्क आहे. आपला मुलगा असें कांहीं करणारच नाहीं, असें प्रत्येक आईबापांस वाटतें, वाटावेंही. परंतु आरोप येण्यास गुन्हा केलेलाच असावा लागतो असें थोडेंच आहे?

सरकारी खर्चानें मिळणारा वकील नेहमीं टर्नरसारखाच असतो असें मात्र समजूं नये. अमेरिकेंतील पुष्कळ ठिकाणीं अशा वकिलांवर कामांचा इतका बोजा असतो कीं, एकेका आरोपीस धड वेळ देतां येत नाहीं, अशी जुनी तक्रार आहे. हक्क कागदावर येणें आणि हातीं पडणें यांत फरक असतो.

आतां त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचा अवघड भाग. मनुष्य खरोखरच अपराधी असेल तर? जॉन अ‍ॅडम्स यांचें चरित्र मुलांनीं अवश्य वाचावें. १७७० सालीं बॉस्टन शहरांत इंग्रज शिपायांनीं जमावावर गोळ्या झाडून पांच माणसें मारलीं. सारें शहर खवळलें. शिपायांचें वकीलपत्र घेण्यास कोणी धजेना. अ‍ॅडम्स हे स्वतः इंग्रज सरकारच्या धोरणाविरुद्ध असतांही त्यांनीं तें घेतलें. कप्तान सुटला. आठ शिपायांपैकीं सहा सुटले; दोघांवर खुनाहून हलका मनुष्यवधाचा गुन्हा शाबीत होऊन त्यांचे अंगठे डागण्यांत आले. म्हणजे वकील लाभल्यामुळें अपराधी सर्रास सुटले नाहींत. ज्याचा जेवढा अपराध तेवढाच त्याच्या पदरीं पडला. हेच अ‍ॅडम्स पुढें त्या देशाचे दुसरे अध्यक्ष झाले.

आपल्या देशांत फेलनी हा शब्द नाहीं. येथें दखलपात्र व अदखलपात्र, जामीनपात्र व बिगरजामीन अशी गुन्ह्यांची वर्गवारी आहे आणि फौजदारी कामांत ज्यूरीही आतां उरलेली नाहीं. परंतु वकिलाची गरज तीच आहे. लोकमान्य टिळक स्वतः कायद्याचे पदवीधर. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यांत त्यांनीं आपलें काम स्वतः चालविलें, कित्येक दिवस भाषण केलें, आणि सहा वर्षांची शिक्षा घेऊन मंडालेस गेले. १९१६ सालीं चांगल्या वर्तणुकीबद्दल त्यांच्याकडून जामीन मागण्यांत आला तेव्हां त्यांच्या बाजूनें बॅरिस्टर जिना उभे राहिले व हायकोर्टानें तो हुकूम रद्द केला. दोन्ही कामें एकसारखीं नव्हतीं आणि काळही बदलला होता, म्हणून यावरून फार मोठा सिद्धांत काढूं नये. पण १९१६ सालीं टिळकांसारख्या पुरुषानेंही वकील घेतला, एवढें ध्यानांत ठेवण्यास हरकत नाहीं.

भारताच्या राज्यघटनेच्या २२ व्या कलमाप्रमाणें अटक झालेल्या माणसास आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क आहे, व प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आंत त्यास मॅजिस्ट्रेटपुढें उभें केलें पाहिजे. निर्धनास मोफत कायदेशीर मदत देण्याचें तत्त्व १९७६ सालीं घटनेंत घालण्यांत आलें. १९७८ सालीं आपल्याच महाराष्ट्र राज्यांतून गेलेल्या एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, कैद्यास निकालपत्राची नक्कल विनामूल्य मिळाली पाहिजे आणि अपिलासाठीं वकील लावण्याची ऐपत नसेल तर तोही मिळाला पाहिजे. १९८७ च्या कायद्यानें यासाठीं जिल्ह्याजिल्ह्यांत विधि सेवा प्राधिकरणें व तालुक्यांत समित्या स्थापन करण्याची तरतूद केली. स्त्रिया, मुलें, अनुसूचित जाति-जमातींचे लोक व अटकेंत असलेला कोणीही मनुष्य यांस उत्पन्न न पाहतां ही मदत मिळते. १५१०० या क्रमांकावर टेलिफोन करूनही ती मागतां येते. आणि आपल्याकडे पोलिसांपुढें दिलेली गुन्ह्याची कबुली पुराव्यांत धरली जात नाहीं, हा अमेरिकेहून एक महत्त्वाचा फरक आहे. मुंबईवरील २००८ सालच्या हल्ल्यांत पकडलेल्या अजमल कसाबलाही वकील देण्यांत आला. तेव्हां पुष्कळांस राग आला. आम्हांसही प्रथम आला. परंतु २०१२ सालीं त्याची फांशी कायम झाली तेव्हां, या माणसास बोलूं दिलें नाहीं, असें म्हणण्यास जगांत कोणास जागा राहिली नाहीं.

इतकें लिहिल्यावर एक गोष्ट सांगितल्यावांचून लेखणी खालीं ठेववत नाहीं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीं आम्ही दुसऱ्या एका गांवीं वसतिगृहाचे अधीक्षक होतों. एका मुलाच्या ट्रंकेंतील तीनशें रुपये नाहींसे झाले. शोध घेतां बारा वर्षांच्या एका मुलाच्या उशाखालीं दोनशें चाळीस रुपये सांपडले. इतके पैसे त्याच्यापाशीं कधींच नसत. आम्हीं विचारलें, कोठून आणलेस? तो खालीं मान घालून उभा राहिला. पुन्हां विचारलें, रागावून विचारलें. तो एक अक्षर बोलला नाहीं. पूर्वीं एकदां स्वयंपाकघरांतून गूळ चोरल्याबद्दल त्यास शिक्षा झालेली होती. तासाभरांत आमचा निकाल झाला. दुसऱ्या दिवशीं त्याचा बाप येऊन वळकटीसह त्यास घेऊन गेला. तोही कांहीं बोलला नाहीं.

दीड महिन्यानें ते तीनशें रुपये त्याच ट्रंकेंत, तळाशीं अंथरलेल्या वर्तमानपत्राच्या घडीखालीं मिळाले. मालकानें स्वतःच ठेवून तो विसरला होता. आम्ही तत्काळ त्या गांवीं गेलों. तेव्हां समजलें कीं, ते दोनशें चाळीस रुपये त्याच्या आईनें बहिणीच्या औषधासाठीं कानांतलें गहाण ठेवून त्याच्या हातीं दिले होते; औषध शहरांतून आणावयाचें होतें, आणि हें कोणाला सांगूं नको अशी तिची ताकीद होती. त्यानें ती अक्षरशः पाळली. आम्हीं हात जोडून त्यास परत पाठविण्याची विनंति केली. बाप म्हणाला, “गुरुजी, त्याचं मन उडालं. आतां तो वीटभट्टीवर जातो.” मुलगा घरांत नव्हता, कीं असून बाहेर आला नाहीं, हें आम्हांस कळलें नाहीं. पितळी तांब्यांतून पाणी मात्र त्यांनीं आम्हांस दिलें.

सध्यां आमच्याकडे असलेल्या वसतिगृहांत तेव्हांपासून एक रीत आम्हीं घातली आहे. कोणावर आळ आला तर त्यानें आपल्या पसंतीचा एक वडील मुलगा बोलावयास घ्यावा. त्या मुलास एक दिवस चौकशीसाठीं मिळतो, व तो विचारील त्या प्रश्नाचें उत्तर अधीक्षकानेंही द्यावयाचें. गेल्या वर्षीं अशा दोन चौकशा झाल्या. पहिलींत आळ खोटा ठरला. दुसरींत, मुलानें खिडकीची कांच मुद्दाम फोडली होती हें त्याच्या वतीनें बोलणाऱ्या दहावीच्या विद्यार्थ्यानेंच आरंभीं कबूल केलें, आणि मग दंड किती असावा यावर तो आमच्याशीं पाऊण तास भांडला. कांचेची किंमत त्यानें बाजारांत जाऊन विचारून आणली होती. आम्हीं सांगितलेला दंड तिच्या दुप्पट होता. तो आम्हांस निम्मा करावा लागला.